खराटा आणि खंजिरी

(साधी राहणी, निसर्गाविषयी आत्मीयता आणि श्रमाची आवड हे गुण नुसत्या उपदेशाने अंगी बाणत नाहीत. महाराष्ट्रातील काही थोर पुरुषांनी हे गुण प्रथम स्वतःच्या जीवनात आणले आणि मग भारूड, कीर्तन व भजन यांच्या द्वारा ते गावोगाव पोचविले. या लोकशिक्षणाचा परिचय पुढील पाठात करून दिला आहे.)

लातूर जिल्ह्यात रेणा नदीच्या काठी रेणापूर हे गाव वसले आहे. गावची देवता रेणुका. रेणेचे पाणी मांजरेला मिळते आणि मांजरेचे गोदावरीला. काळी जमीन, ज्वारीची शेते, बांधावरच्या बाभळी आणि कडुनिंब असा हा प्रदेश. पाऊस पडला तर भरभरून पिकणारा, आणि न पडला तर माणसाच्या धैर्याची परीक्षा पाहणारा.

अशा गावांना नाट्यगृहे ठाऊक नव्हती. पण त्यामुळे येथे नाट्य नव्हते असे कोण म्हणेल? देवळापुढचे पटांगण हा रंगमंच, आकाश हे छत, दिवटीचा उजेड हीच प्रकाशयोजना. लग्नकार्य पार पडले की घरापुढे गोंधळ उभा राही. संबळाचा घुमारा उठे, तुणतुण्याची तार त्याला साथ देई आणि रेणुकेच्या नावाने सुरू झालेले आख्यान पहाट होईपर्यंत रंगे. भल्या सकाळी डोक्यावर मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव टाळ-चिपळ्या वाजवीत दारात येई आणि झोपेतून जागे होणाऱ्या घराला दानधर्माची आठवण करून देई. या खेळांना तिकीट नव्हते. घरधनी आणि गडी, सासू आणि सून, म्हातारे आणि तान्ही पोरे, सारी एकाच अंगणात बसून ते पाहत आणि ऐकत.

मनोरंजन हा या कलांचा एक हेतू होता. त्यांतून शिकविताही येते हे ज्यांनी ओळखले त्यांत संत एकनाथ अग्रणी होत. रेणेचे पाणी ज्या गोदावरीला मिळते, तिच्याच काठी वरच्या अंगास पैठण आहे. सोळाव्या शतकात तेथे राहणाऱ्या नाथांनी भागवतावर मोठी टीका लिहिली. परंतु सर्वसामान्य शेतकऱ्याला किंवा मोलकरणीला त्या ग्रंथापर्यंत पोचता येत नव्हते. मग नाथांनीच त्यांच्यापर्यंत जाण्याचे ठरविले. वासुदेव, जोशी, गोंधळी यांसारखी लोकांच्या नित्य परिचयाची पात्रे त्यांनी निवडली आणि त्यांच्या तोंडी आपला विचार घातला. हेच नाथांचे भारूड.

भारूडाची रचना मोठी मौजेची असते. एक जण सोंग घेऊन पुढे येतो. कधी तो विंचू चावल्यासारखा तडफडतो, तर कधी सासुरवाशीण होऊन गाऱ्हाणे मांडतो. मागे उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. लोक पोट धरून हसतात. आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येते की, हा विंचू रानातला नव्हे. आपल्याच मनातल्या कामक्रोधाची ती नांगी आहे. कडू औषध मधात घालून द्यावे, तसा नाथांनी विवेक विनोदात घालून दिला. भारूड पाहिलेला मनुष्य घरी जाताना काहीतरी गुणगुणत जाई, आणि जे ओठांवर राहते ते हळूहळू मनातही उतरते.

नाथांनी घालून दिलेली ही वाट पुढे अनेकांनी चोखाळली. विसाव्या शतकात विदर्भातून दोन पुरुष त्या वाटेवर आले. एकाच्या हाती खराटा होता, दुसऱ्याच्या हाती खंजिरी.

खराटेवाले म्हणजे संत गाडगेबाबा. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. दारूच्या व्यसनाने वडिलांचा अकाली अंत झाला आणि आई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे या गावी भावाकडे राहावयास गेली. मामाची गुरे राखावी, शेतात राबावे, आणि रात्री सवंगड्यांना जमवून भजन म्हणावे, असे डेबूचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पण नांगराचे फाळ, गुरांचे डोळे आणि कर्जात बुडालेल्या कुणब्याचे मुख हीच त्याची पुस्तके झाली.

डेबूजींना पहिली मुलगी झाली, तेव्हा बारशाला मांस आणि दारू यांची पंगत घालावी अशी नातलगांची अपेक्षा होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. ज्या व्यसनाने आपला पिता नेला त्याला आपल्या अंगणात पाट मांडावयाचा नाही, एवढा त्यांचा निर्धार होता. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हातात मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यात भाकरी घ्यावी, त्यातच पाणी प्यावे. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांची गावात येण्याची रीत न्यारी होती. ते गावात येत आणि खराटा घेऊन रस्ता झाडू लागत. कोणी विचारपूस करो वा न करो, गटारे मोकळी होत, उकिरड्यांचे ढीग हलत. प्रारंभी लोक हसत. मग एखादा तरुण लाजून खराटा हाती घेई; त्याच्यामागून दुसरा, तिसरा. सायंकाळपर्यंत गाव झाडून लख्ख होई आणि रात्री त्याच स्वच्छ केलेल्या जागेवर बाबांचे कीर्तन उभे राही.

ते कीर्तन हे एक नाटकच होते; फरक इतकाच की त्यात प्रेक्षक कोणी नव्हता, सारीच पात्रे होती. बाबा पोथी उघडीत नसत. देवाच्या नावाचा गजर करून ते वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसांशी बोलू लागत. ते प्रश्न विचारीत आणि हजारोंचा समुदाय एका आवाजात उत्तर देई. दगडाच्या देवाला नवस कशाला, मुक्या जनावराचा बळी कशाला, कर्ज काढून लग्ने आणि तेरव्या कशाला, असे एकामागून एक प्रश्न येत. उत्तर देता देता लोकांच्या ध्यानात येई की, आपण आपल्याविरुद्धच साक्ष देत आहोत. न्यायाधीश आपण, आरोपी आपण आणि सुटकेचा मार्गही आपल्याच हाती! जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, पण मुलांना शाळेत घाला, हा त्यांचा आग्रह असे. स्वतः निरक्षर असलेल्या माणसाने शिक्षणाचा एवढा कैवार घ्यावा, यातच त्यांचे मोठेपण आहे.

लोकांनी त्यांच्यापुढे पैसा ओतला. त्या पैशातून पूर्णाकाठी ऋणमोचनचा घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांचे स्वतःचे मात्र गाडगेच राहिले. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांची प्राणज्योत मालवली. २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेची मोहीम सुरू केली, तेव्हा तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

खंजिरीवाले म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. मूळ नाव माणिक. घरची अत्यंत गरिबी, त्यामुळे शाळा लवकरच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. भिक्षेच्या तुकड्यांवर वाढलेला म्हणून माणिकचा ‘तुकड्या’ झाला, आणि हे नाव त्यांनी जन्मभर अभिमानाने मिरविले. आपल्या भजनांत ते स्वतःला ‘तुकड्यादास’ म्हणवून घेत.

तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील अरण्यांत त्यांनी साधनेचा काळ घालविला. अरण्य हे मोठे शिक्षक आहे. तेथे राहणाऱ्याला कळून येते की, माणसाच्या खऱ्या गरजा फार थोड्या असतात; आणि झरा, झाड, पाखरू हे आपल्या मालकीचे नसून आपणच त्यांच्या आश्रयाला आहोत. अनेक साधक अरण्यात गेले आणि तेथेच रमले. तुकडोजी महाराज मात्र परत आले. अरण्यात जे गवसले ते गावात वाटले पाहिजे, नाही तर त्याचा उपयोग काय, असा त्यांचा विचार होता. १९३५ साली अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला.

वाटण्याचे साधन कोणते? खंजिरी! लाकडी कड्याच्या एका बाजूस चामडे ताणून बसविलेले आणि कडेला छोट्या झांजा जडविलेले हे वाद्य एका हातात मावते, झोळीत राहते. त्याला ना गादी लागते, ना तबकडी, ना मंडप. पण महाराजांची बोटे त्यावर पडू लागली आणि त्यांचा खडा आवाज उठला की, हजारो माणसे श्वास रोखून ऐकत. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत ते भजने रचीत. १९३६ साली महात्मा गांधींच्या सहवासात ते सुमारे महिनाभर राहिले. १९४२ च्या आंदोलनात चिमूर आणि आष्टी या भागांतील लोक उठले, त्यामागे या खंजिरीची प्रेरणा होती. परकीय सत्तेनेही ते ओळखले आणि महाराजांना नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. हातात शस्त्र नसलेल्या गायकाचे भय एका साम्राज्याला वाटावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेतही ती खंजिरी वाजली.

परंतु या सर्वांहून मोठे काम घडले ते लहान लहान खेड्यांत. महाराजांनी गावांना सामुदायिक प्रार्थना दिली. सायंकाळी गावातील सर्वांनी, जातपात न पाहता, एका ओळीत शिस्तीने बसावे आणि एका सुरात गावे. त्यांनी गावांना रामधून दिली. पहाटे उठून प्रथम रस्ते झाडावयाचे, सडासंमार्जन करावयाचे, आणि मग स्वच्छ झालेल्या रस्त्यांवरून सर्वांनी गात गात फेरी काढावयाची. म्हणजे गाण्यापूर्वी झाडणे! येथे खंजिरीने खराट्याला जवळ केले आहे. ज्या रस्त्यावरून देवाचे नाव घेत जावयाचे तो रस्ता घाण ठेवून चालेल काय, हा साधा प्रश्न त्यामागे होता, आणि त्याला उत्तर देताना कोणालाही हात झटकता येत नव्हते.

१९५५ साली त्यांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिचे ४१ अध्याय आहेत. ओवी हा आपल्या जात्यावरचा छंद. बायाबापड्यांच्या जिभेवर तो सहज बसतो. त्या छंदात महाराजांनी ग्रामशुद्धी, आरोग्य, गोपालन, ग्रामोद्योग, स्त्रियांची उन्नती, सामुदायिक प्रार्थना असे विषय हाताळले. मोक्षाची चर्चा करणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ होते. गावचे सांडपाणी कोठे जावे आणि शेणाचे खत कसे व्हावे, याची चिंता वाहणारी ही गीता मात्र निराळीच होती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले. दरवर्षी गुरुकुंजात लाखो लोक जमतात आणि त्या क्षणी निःशब्द उभे राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतात. ज्याने आयुष्यभर गाणे गाइले, त्याचे स्मरण मौनाने व्हावे, हेही किती अर्थपूर्ण आहे!

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, ‘गाण्याने का कोठे विहीर भरते?’ प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या लातूर जिल्ह्याने तो फार जवळून अनुभवला आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लक्ष लिटर पाणी होते. हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण माणशी २० लिटर धरले, तर ते पाणी २५ हजार माणसांना एक दिवस पुरेल; आणि २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लक्षांहून अधिक होती. सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून आलेले ते पाणी पाहून कित्येकांचे डोळे भरून आले असतील. पण जमिनीतले पाणी उपसताना आणि ओढ्यांची पात्रे बुजविताना आपला विवेक कोठे होता, हा प्रश्न त्या गाडीबरोबरच आला होता.

विहीर गाण्याने भरत नाही, हे खरे. ती पावसाने भरते, आणि तो पाऊस जमिनीत मुरविण्यासाठी चर खणावे लागतात, बांध घालावे लागतात, झाडे लावावी आणि जगवावी लागतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून भांडण असलेला मनुष्य त्याच्याबरोबर कुदळ घेऊन कसा जाईल? त्यासाठी आधी मने एकत्र यावी लागतात. आणि माणसांना एकत्र बसविण्याचे गाण्याइतके सोपे साधन दुसरे नाही. एका तालात टाळी वाजवीत असलेली दोन माणसे त्या वेळेपुरती तरी एकमेकांची वैरी नसतात. त्याच २०१६ साली पाणी फाउंडेशनने जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. प्रथम वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीन तालुके निवडले होते. त्यांतील अंबाजोगाई तर आपल्या रेणापूरच्या शेजारचा. उन्हाळ्याच्या तापात तेथील स्त्रीपुरुष आणि मुले श्रमदानाला उभी राहिली. खणणाऱ्या हातांना खरा जोर येतो तो सोबतीने, हे सत्य नव्या काळातही पालटलेले नाही.

मात्र एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. गाणे टिकते आणि आचरण सुटते, असे पुष्कळदा होते. १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्रे येथे केलेले गाडगेबाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. आजही ते आपल्याला ऐकता येते. पण त्या कीर्तनापूर्वीचे झाडणे कोणत्याही यंत्रात साठविता येत नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. ध्वनिवर्धक लावून साधेपणावर भारूड सादर करावे आणि खेळ संपल्यावर पटांगणात कागदाच्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले टाकून निघून जावे, तर नाथांनी ज्याचे सोंग उभे केले तो विंचू आपल्यालाच डसला असे समजावे.

गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांच्या शब्दाला वजन आले ते कशाने? त्यांनी सांगितले ते आधी केले म्हणून. साधेपणाचा उपदेश करणाऱ्याच्या हातात गाडगे होते. निसर्गाचे गुण गाणाऱ्याने अरण्याचा सहवास भोगला होता. शिवाय त्यांची साधने इतकी स्वस्त होती की, कोणालाही ती उचलता यावीत. खराट्याला विद्वत्ता लागत नाही आणि खंजिरीला संपत्ती लागत नाही. त्यामुळे ‘हे माझ्याने कसे होईल?’ ही सबब ऐकणाऱ्यापाशी उरत नसे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या गावातही पार असेल, देवळापुढचे पटांगण असेल, एखादे वडाचे वा पिंपळाचे झाड असेल. गावात अजून कोणी वृद्ध भारूडकार किंवा गोंधळी असतील. त्यांच्यापाशी बसा, त्यांची चाल शिकून घ्या. शाळेच्या संमेलनात आपल्याच गावच्या नदीवर, विहिरीवर, तोडलेल्या झाडावर एखादे छोटे भारूड बसवा. वेष घरातल्या जुन्या लुगड्याचा आणि धोतराचा करा. पण पडदा वर जाण्यापूर्वी, ज्या जागेवर खेळ करावयाचा ती जागा स्वतःच्या हातांनी झाडून घ्या, आणि खेळ झाल्यावर तेथे एक रोप लावून त्याला पाणी घालण्याची पाळी ठरवून टाका. लोक तुमचे गाणे ऐकून टाळ्या वाजवितील. ते रोप उन्हाळा ओलांडून जगले, तर मात्र तुमचे गाणे गावाला समजले, असे खुशाल माना.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) संत एकनाथांनी भारूडासाठी लोकांच्या परिचयाची पात्रे का निवडली?
(आ) गाडगेबाबांच्या कीर्तनात ‘प्रेक्षक कोणी नव्हता’ असे लेखक का म्हणतो?
(इ) रामधून काढण्यापूर्वी गावकऱ्यांना काय करावे लागे?

२. ‘विहीर गाण्याने भरत नाही, हे खरे.’ या विधानापुढे लेखकाने मांडलेला विचार स्वतःच्या शब्दांत लिहा. तो तुम्हांला पटतो काय? कारणे द्या.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : अंगी बाणणे, वाट चोखाळणे, कैवार घेणे, हात झटकणे.

४. विग्रह करून समास ओळखा : टाळ-चिपळ्या, कामक्रोध, स्त्रीपुरुष, ग्रामशुद्धी.

५. आपल्या गावातील वृद्धांना भेटून पूर्वी गावात होणाऱ्या गोंधळ, भारूड, भजन इत्यादी कार्यक्रमांची माहिती मिळवा व ती दहा-बारा ओळींत लिहा.